मामाचा पाय

सौंसर आणि पांढुर्णा ही गावं तशी वर्षभर एकमेकांच्या घरी जेवणारी. लेकी इकडून तिकडे दिलेल्या, संत्र्याचे बगीचे पाहायला माणसं तिकडून इकडे आलेली, लग्नाची पंगत असली की दोन्हीकडचे लोक मांडीला मांडी लावून बसलेले. पण शाळांची फुटबॉलची मॅच जवळ आली की लोकांच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. ऐंशी सालानंतरची ती वर्षं मला चांगली आठवतात. पिठाच्या चक्कीवर बाया डबे घेऊन उभ्या राहायच्या आणि सौंसरच्या पोरांवर बोलायच्या. "ते काय शाळेतले पोट्टे हायेत? दाढ्या करून येतात मैदानात," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "दोन-दोनदा नापास करतात मुद्दाम, मॅच खेळायले." आणि बोलता बोलता एकदम थांबून माझ्याकडे बघायच्या, कारण मी सौंसरची लेक. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, याच गावात पोरं झाली, पण त्या आठवड्यात मला कोणी वहिनी म्हणायचं नाही की काकू म्हणायचं नाही. नुसतं सौंसरवाली.

त्या वर्षी राग जास्तच होता. आदल्या वर्षी सौंसरचे पोट्टे आमच्याकडे येऊन जिंकून गेले होते, आणि नुसते जिंकून गेले नाहीत. शाळेनं त्यांना जेवण दिलं होतं, त्या जेवणाच्या थाळ्या घेऊन बसच्या टपावर चढले आणि अख्ख्या बाजारातून वाजवत वाजवत गेले. थाळ्या गल्लीतल्या घराघरातून गोळा केलेल्या. त्यातली एक माझी. म्हणजे मलाही राग होताच, नव्हता असं कसं म्हणू?

आता घरातलं सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा माझी माय पण पोटुशी होती. तेव्हा त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. एका थंडीत, एका खोलीत, मला मुलगा झाला आणि मागोमाग मायलाही मुलगा झाला. मायच्या अंगात काही उरलं नव्हतं, दूध येईना. दोघांनाही मीच पाजलं. एक माझा मुलगा, एक माझा भाऊ. दोघं बरोबरीचे वाढले, एक पांढुर्ण्यात, एक सौंसरला, आणि दोघांनाही फुटबॉलचं वेड लागलं. माझा मुलगा अंगानं बारका पण वाऱ्यासारखा पळायचा, त्याला पुढं ठेवायचे गोल मारायला. भाऊ रुंद, सावकाश, पण त्याच्या बाजूनं बॉल घेऊन जाणं कठीण. तो मागं राहून अडवायचा. तो पायात पाय असा घालायचा की समोरच्याला कळायच्या आत बॉल गेलेला.

आणि तो मामा होता. आमच्या भागात मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. वयाचं काही नाही. भाचा पाळण्यात असला तरी पांढऱ्या केसांचा मामा वाकतो. भाच्याला मामाचा पाय लागणं म्हणजे पाप, आणि चुकून लागलाच तर तिथल्या तिथं थांबून, वाकून, त्याच्या पायाला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा. उन्हाळ्यात माझा मुलगा आजोळी गेला की गल्लीत दोघांचा खेळ चाले. मामाचा पाय जरा लागला की हा ओरडायचा, "मामा, पाय लागला." की तो बिचारा खेळ सोडून वाकायचा, आणि हा बॉल घेऊन पसार. मी ओट्यावर बसून हसायची. त्यात वाईट काय आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

शाळेच्या मॅचमध्ये दोघांची कधी गाठ पडली नव्हती. माझा मुलगा मैदानाच्या उजव्या अंगानं खेळायचा आणि भाऊ पण आपल्या उजव्या अंगाला. म्हणजे एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. बरं चाललं होतं.

एका संध्याकाळी आमच्या शाळेचे खेळाचे सर घरी आले. हे आणि सर ओसरीवर बसले, मी आत चहा ठेवला. ह्यांचं बोलणं मला आत ऐकू येत होतं.

"सर, पोट्ट्याले यंदा डाव्या बाजूनं खेळवा."

"क्यों?"

"तिकडे त्याचा मामा हाय. तो भाच्याले पाय लावत नाही. सबन मैदान मोकळं सापडन आपल्याले."

सर जबलपूरकडचे. भांजा म्हणजे काय हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक. ते असे हसले की बशीतला चहा सांडला. "फिर तो लेफ्ट में ही खिलाएंगे," म्हणाले.

सर गेल्यावर मी म्हटलं, "हे बरं नाही. देवाधर्माची गोष्ट खेळात कायले घालता?"

"तुह्या माहेरच्यांनी थाळ्या वाजवल्या तेव्हा देवधर्म कुठं गेला होता?" हे म्हणाले. मुलगा तिथंच उभा होता. त्याचा चेहरा खुलला होता. आईला दिसतं ते.

ह्यांच्या पोटात गोष्ट राहिली असती तर निभावलं असतं. पण पानठेल्यावर सांगितल्याशिवाय ह्यांना चैन पडायचं नाही. तिथं सौंसरच्या बसचा कंडक्टर पान लावून घेत होता. दोन्ही गावांची भांडणं त्या काळी कंडक्टरच वाहून नेत. सकाळी इकडचं तिकडे, दुपारी तिकडचं इकडे, आणि प्रत्येक खेपेला थोडं मीठमिरची लावून.

दोन-तीन दिवस गेले आणि भर दुपारी भाऊ माझ्या दारात उभा राहिला. अनवाणी. बसमधून उतरल्यावर आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी त्याला घेरलं होतं आणि पायातल्या चपला काढून घेतल्या होत्या. "पाय तर तू वापरत नाही म्हणते, चपला कायले पाहिजे तुले?" असं म्हणून. ते सगळे त्याच्या मागं मागं आमच्या अंगणापर्यंत आले होते. हे खाटेवर बसले होते. ये म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत.

माझा मुलगा आतून बाहेर आला. आणि भाऊ, सवयच ती, उंबऱ्यावरच वाकला आणि त्याच्या पायाला हात लावला. बाहेर पोट्ट्यांनी असा कल्ला केला की शेजारच्या बाया दारात आल्या.

"पाहा, आताच आऊट झाला," एक जण ओरडला.

मी त्याला आत नेलं, पाणी दिलं. त्यानं तांब्या हातातच धरून ठेवला.

"बाई, मले काढून राहिले टीममधून," तो म्हणाला. "सर म्हणतात, तू भाच्याले वाट देशीन. म्हणतात, बाहेर बस. यंदा छिंदवाड्याहून निवडणारे येऊन राहिले. जिल्ह्याच्या टीमसाठी. माहं शेवटचं वर्ष हाय, बाई. पुढच्या वर्षी मी शाळेतच नाही. या मॅचले मी बाहेर बसलो, तर मले कोण पाहीन?"

एवढंच होतं त्याचं. नोकरी नको, बक्षीस नको, एका मॅचमध्ये उभं राहायचं होतं, निवडणाऱ्यांच्या डोळ्यासमोर. तो भाच्याकडे वळला. "तू पहिल्यासारखा उजवीकडून खेळ ना रे. सरले सांग."

मुलानं बापाकडे पाहिलं. हे म्हणाले, "साळेबुवा, तुमच्या टीमची अडचण तुम्ही सांभाळा. आमच्या घरी येऊन आमची टीम कायले लावता?"

"मॅच झाल्यावर बोलू, मामा," मुलगा म्हणाला. इतक्या थंडपणानं म्हणाला की मला तो आपला वाटेना. भाऊ उठला. ह्यांच्या जुन्या चपला मी त्याला द्यायला लागले, तर त्यानं घेतल्या नाहीत. तसाच स्टँडवर गेला.

मॅचच्या आधीचा मंगळवार आला. आमची टीम दरवर्षी जामसावळीला जाते, हनुमानजीला रोडगे करायला. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे, वांग्याच्या भाजीसोबत खातात. ते करायला गल्लीतल्या बाया ट्रॉलीत बसून जायच्या. मी पण गेले, हे पण पोट्ट्यांसोबत आले. न जाऊन सांगते कोणाला, आधीच सौंसरवाली.

आता जामसावळी सौंसरच्या वाटेवर, आणि मंगळवार काय एकट्या पांढुर्ण्याचा असतो? आम्ही पोचलो तर सौंसरची टीम आधीच आलेली. त्यांचे रोडगे चिंचेखाली लागले होते. सावली तेवढीच. आमच्या पोट्ट्यांनी आपल्या गोवऱ्या त्यांच्या चुलीला खेटून टाकल्या. त्यांच्यातल्या एकानं लाथेनं त्या सारल्या.

"जागा का तुह्या बापाची हाय?"

"हनुमानजी का तुह्या बापाचा हाय?"

पाण्याच्या बादलीवरून झालं, नारळ आधी कोणाचा फुटायचा यावरून झालं. देव तोच, नवस एकमेकांच्या उलटा. पुजारी दोन्हीकडच्यांवर ओरडून थकला आणि आत जाऊन बसला. मी कणीक मळत होते आणि माझा भाऊ कुठं दिसतो का ते बघत होते.

दिसला तो देवळाच्या पायऱ्यांपाशी. हातात नारळ. त्यांचे सर त्याच्यासमोर उभे आणि सगळी टीम भोवती. सर मोठ्यानं बोलत होते, आम्हालाही ऐकू जावं म्हणून मुद्दाम.

"मारुतीसमोर सांग. भाचा समोर आला तर पाय घालशील की नाही? सांगितलं तर खेळशील, नाही तर घरी जा."

भाऊ नारळाकडे बघत राहिला. देवासमोर उभं राहून देवानंच नको म्हटलेलं करीन असं कसं म्हणायचं? त्या मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना हेच पाहिजे होतं.

आमचे पोट्टे हसत हसत तिकडे सरकले. "पाया पड, पाया पड," असं एका तालात म्हणायला लागले. आणि त्यांच्यातून माझा मुलगा पुढं आला. मामाच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं आपला पाय पुढं केला. कॅनव्हासचा बूट घातलेला पाय. पाय पुढं करून तसाच उभा राहिला, जणू हे त्याचं येणंच होतं. पोट्टे टाळ्या वाजवत होते. भाऊ खरंच थोडा वाकला. सवयीनं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो अर्ध्यातच थांबला. ना वाकलेला ना उभा.

माझ्या डोक्यात काय झालं मला सांगता येत नाही. कणकेच्या हातांनीच मी उठले.

"पाय मागं घे," मी मुलाला म्हटलं.

"माय, तू इथं येऊ नको."

"पाय मागं घे म्हटलं ना."

त्यानं घेतला नाही. बापाकडे बघून हसला. हे पण हसत होते. तेव्हा मी भावाकडे वळले.

"हा तुहा भाचा हाय तो माह्यामुळं हाय," मी म्हटलं. "तू त्याच्या पाया पडतो ते तो कोणी मोठा हाय म्हणून नाही. बहिणीचं पोट्टं हाय म्हणून. ती बहीण मी हाओ. मी हनुमानजीसमोर सांगून राहिली, मॅच होईपर्यंत हा तुहा भाचा नाही. पांढुर्ण्याचा पोट्टा हाय. पाय घाल."

 

भाऊ हळूच म्हणाला, "बाई, पाप लागन."

"लागलं तर मले लागन. तू खेळ."

त्यांच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "फोड नारळ," म्हणाले. त्यानं नारळ पायरीवर असा आपटला की शकलं दूर उडाली. तो टीममध्ये राहिला. सौंसरच्या पोट्ट्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि त्यातल्या दोघा-चौघांनी माझ्याकडे बघून शिट्ट्या मारल्या. त्यांच्यासाठीच तर केलं होतं, पण त्यांनाही मी पांढुर्ण्याचीच.

आमच्या बाजूला परत आले तर माझ्या परातीला कोणी हात लावला नव्हता. मी मळलेल्या कणकेचे रोडगे बायांनी वेगळे ठेवले. एकीनं सरळ सांगितलं, "तुमचे तुम्ही खा, बाई. आमच्या पोट्ट्यांले नको."

ट्रॉलीत परत येताना मी मागच्या कोपऱ्यात. मुलगा पुढं, पाठ करून. घरी आल्यावर हे बोलले. "आपल्या लेकराच्या पायाच्या नळीवर साळ्याले सोडलं तू. अशी माय पाहिली नाही म्या."

"आणि असा बाप?" मी म्हटलं. "मामाले वाकवायला शिकवते, खेळायला नाही."

त्यांनी पाण्याचा गडू अंगणात फेकला. मग मुलाला म्हणाले, "उद्या सरले सांगतो. तू आपला उजवीकडूनच खेळ. तो आता मारन तुले."

मुलगा म्हणाला, "आता मी तिथंच खेळन. मामाच्या समोरच." माझ्याकडे न बघता म्हणाला, पण मलाच सांगत होता.

मॅचच्या दिवशी पांढुर्ण्याहून दोन ट्रक आणि किती तरी सायकली सौंसरकडे निघाल्या. मला कोणी ये म्हटलं नाही. मी साध्या बसनं निघाले. कंडक्टर तोच. तिकीट फाडताना म्हणाला, "काकू, उतरून कोणत्या अंगाला बसणार?" बसमधले सगळे कान टवकारून ऐकत होते.

"तुले काय करायचं? तू पैसे घे," मी म्हटलं.

आधी माहेरी गेले. माय माजघरात तांदूळ निवडत होती. तिच्या कानावर सगळं गेलेलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "लेकराले मार खायला लावला आणि भावाले पाप लावलं," ती म्हणाली. "दोन्ही घरचं वाटोळं एका तोंडानं." मी पाणी पिऊन निघाले.

मैदानावर एका अंगाला कडुनिंबाखाली आमच्या गावचे, दुसऱ्या अंगाला शाळेच्या व्हरांड्यात सौंसरचे. मधल्या जागेत दोन खुर्च्या, छिंदवाड्याहून आलेल्या सरांच्या. मी दोन्हीकडे गेले नाही. सौंसरच्या गोलमागं लिंबूपाण्याची गाडी होती, तिच्या आडोशाला उभी राहिले. दोन्हीकडून शिव्या चालू होत्या. एकमेकांच्या मास्तरांना, एकमेकांच्या गावाला, मग आया-बहिणींपर्यंत. आया-बहिणी निघाल्या की माझा वाटा दोन्हीकडून.

टीम उतरल्या. माझा मुलगा डाव्या बाजूला आला, म्हणजे माझ्या भावाच्या समोर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. निंबाखालून हे ओरडले, "पळ रे, मामा हाय."

शिट्टी झाली. बॉल थोडा वेळ मधेच घुटमळला, मग आमच्या एका पोट्ट्यानं तो लांब डावीकडे मारला. माझा मुलगा त्याच्यावर असा झेपावला जसा मी त्याला लहानपणापासून पळताना पाहत आले. बॉल पुढं, हा मागं, आणि समोरून माझा भाऊ. मुलानं वेग कमी केला नाही. मला माहीत होतं तो काय करणार. तो मामाच्या पायावरूनच जाणार होता, कारण अजूनही त्याला आतून वाटत होतं की मामा पाय काढून घेईल. पंधरा वर्षांचं वाटणं एका मंगळवारी जात नाही.

भावानं पाय घातला. बॉलवर घातला, खोटं बोलणार नाही, बॉलवरच. पण पुढं नळी होती. माझा मुलगा उडाला आणि तोंडावर पडला. तो आवाज मला गाडीमागून ऐकू आला.

निंबाखालून सगळे उठले. "मामा हाय का खाटीक?" कोणी तरी ओरडलं. व्हरांड्यात सौंसरवाल्यांनी पत्र्याचे डबे बडवायला सुरुवात केली. एक आमचा माणूस मैदानात शिरायला निघाला, त्याला पोलिसानं धरलं. मी गाडीच्या दांड्याला धरून उभी होते. एक पाऊल टाकलं, मग थांबले. दोघांपैकी कोणाकडे जाऊ? गेले असते तर दोघांचीही मान खाली गेली असती.

भाऊ तिथं उभा होता. त्याचा उजवा हात खाली गेला, गुडघ्यापर्यंत गेला, आणि मग त्यानं मूठ आवळून तो मागं नेला. वाकला नाही. मैदानाच्या कडेला छिंदवाड्याच्या एका सरांनी खुर्चीवरून वळून सौंसरच्या मास्तरांना काही तरी विचारलं, आणि मास्तरांनी बोटानं माझ्या भावाकडे दाखवलं. तेवढं मी पाहिलं.

मुलगा उठला. नळीवर सालटं निघालं होतं, रक्त मोज्यात उतरत होतं. तो थुंकला, पंचांनी फाऊल म्हणून आमच्या बाजूला दिलेला बॉल स्वतः आणून मातीवर ठेवला आणि मान वर करून मामाकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं त्यानं त्याच्याकडे. इतक्या कल्ल्यात मला काही ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

"आता ये," तो म्हणाला.

आणि माझा भाऊ त्याला अडवायला पुढं गेला.